मूर्ती लहान, मजा महान!

महागडी, लांबरुंद, ताकदवान गाडी म्हणजेच चालवण्याचं सुख, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्रत्यक्षात ज्या गाड्या निव्वळ काटकसरीसाठी जन्माला आल्या, त्यांनीच स्टेअरिंग हाती घेणाऱ्याला अनपेक्षित आनंद दिला. मारुती ८०० पासून नॅनोपर्यंतच्या या साध्यासुध्या गाड्यांत एवढी गंमत आली कुठून? आणि आता ती हरवत चाललीय का?

गाडी घ्यायची ठरली की मध्यमवर्गीय घरात प्रश्नांची एक ठरलेली माळ सुरू होते. किंमत किती? महिन्याला हप्ता किती बसेल? ॲव्हरेज काय देते? सर्व्हिस स्टेशन जवळ आहे ना? डिकीत चार बॅगा मावतील? आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर किती येतील? शोरूममधला सेल्समनही या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ करूनच बसलेला असतो. एक प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. गाडी चालवायला कशी वाटते?

हा प्रश्न विचारणं म्हणजे चैन, असा आपला समज. चालवण्याचं सुख वगैरे गोष्टी श्रीमंतांच्या विदेशी गाड्यांसाठी. आपल्याला ऑफिस, बाजार, मुलांची शाळा आणि वर्षातून एकदा गाव, एवढंच तर करायचंय!

पण गंमत पाहा. काटकसरीच्या याच हिशेबातून घरी आलेल्या कितीतरी गाड्यांनी मालकाला न मागितलेली एक भेट दिली. कोपऱ्यावर मिळणारं दूध आणायला त्याला गावाबाहेरच्या डेअरीपर्यंत जायला लावलं. रविवारी सकाळी काही काम नसताना ‘जरा एक चक्कर मारून येतो’ म्हणायला लावलं. माहितीपत्रक पाहिलं तर या गाड्यांत नाव घेण्यासारखं काहीच नसे. छोटं इंजिन, बारीक टायर, साधे पत्रे. तरीही हाती घेतल्या की त्या हसू आणत.

मालक पुढच्या सीटवर आला

हे नवल नीट समजायचं तर १९८३ च्या आधीचे आपले रस्ते आठवायला हवेत. त्या काळी भारतात प्रामुख्याने दोनच गाड्या दिसत. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला तयार होणारी, ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ॲम्बॅसेडर आणि मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. दोन्ही दणकट, दोन्ही प्रेमळ. पण गाडी चालवणं हे तेव्हा कष्टाचं काम होतं. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. ॲम्बॅसेडर उभ्या जागी वळवायची तर खांद्यात बळ हवं. त्यामुळे ज्याला गाडी परवडे, तो शक्य असेल तर ड्रायव्हरही ठेवी आणि आपण मागच्या सीटवर पेपर वाचत बसे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली आणि हे चित्र पालटायला सुरुवात झाली. जपानच्या सुझुकीच्या छोट्या गाडीवर बेतलेली ही मोटार. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद जेमतेम ३७ अश्वशक्तीच्या आसपास. चाकं १२ इंची. रस्त्यावरच्या ॲम्बॅसेडरशेजारी ती उभी राहिली की एखाद्या पैलवानाशेजारी शाळकरी पोर उभं राहिल्यासारखं वाटे. ‘ही गाडी की काडेपेटी?’ असं म्हणून नाक मुरडणारेही होतेच.

मात्र जो एकदा तिच्या स्टेअरिंगवर बसला, त्याचं मत बदललं. गिअरची दांडी हाताशी, जमिनीवर. क्लच अंगठ्याने दाबावा इतका हलका. समोरची काच मोठी, खांब बारीक, बोनेट उतरतं. त्यामुळे गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे बसल्या जागी कळे. ॲम्बॅसेडरचं वजन अकराशे किलोंच्या वर, तर ही साधारण साडेसहाशे किलोंची. ॲक्सिलरेटरला पाय लागला की ती टुणकन पुढे येई.

परिणाम असा झाला की मालक मागच्या सीटवरून उठून पुढे आला. आणि त्याच्यापाठोपाठ घरातल्या बायकाही. गाडी चालवणं हे पुरुषाचं किंवा ड्रायव्हरचं काम, हा समज मोडायला या हलक्या स्टेअरिंगने मोठा हातभार लावला. गावोगावच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या छपरावर ‘एल’ची पाटी लागली ती बहुतेक मारुतीवरच. २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तोवर आपल्याकडच्या किमान दोन पिढ्या तिच्यावर गाडी शिकल्या होत्या.

गंमत येते कुठून?

गाडी चालवण्यात आनंद वाटतो म्हणजे नेमकं काय होतं? वेग हे त्याचं उत्तर नव्हे. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जाणाऱ्या आलिशान गाडीत अनेकदा झोप येते आणि घाटात चाळीसच्या वेगाने वळणं घेणारी छोटी गाडी माणसाला ताजंतवानं करते. फरक असतो तो गाडी आणि माणूस यांच्यातल्या संवादाचा. तुम्ही हाताने, पायाने एक गोष्ट सांगता. गाडी ती किती लवकर आणि किती सरळपणे ऐकते, आणि उलट तुम्हाला रस्त्याची खबर किती देते, त्यावर सगळी मजा ठरते.

या संवादात पहिला अडथळा वजनाचा. जड वस्तूला हलवायला वेळ लागतो, वळवायला वेळ लागतो आणि थांबवायलाही. रिकामी हातगाडी आणि सिमेंटच्या गोण्यांनी भरलेली हातगाडी यांत जो फरक, तोच इथे. हलकी गाडी वळताना कमी झुकते, ब्रेक दाबला की कमी ओढते आणि थोड्या ताकदीतही तरतरीत वाटते.

दुसरी गोष्ट स्टेअरिंगची. मारुती ८०० च्या काळात पॉवर स्टेअरिंग नव्हतं. गाडीच हलकी आणि टायर अरुंद असल्यामुळे त्याची गरजही भासली नाही. चाकांखाली खडी आहे की गुळगुळीत डांबर, टायरची पकड सुटतेय का, हे थेट तळहाताला कळे. आजच्या बहुतेक गाड्यांत विजेची छोटी मोटर स्टेअरिंग फिरवायला मदत करते. त्याने पार्किंग सोपं झालं, पण ही खबर पुष्कळदा वाटेतच अडते.

तिसरी गोष्ट ताकद पुरेपूर वापरण्याची. दोनशे अश्वशक्तीच्या गाडीची निम्मी ताकदही आपल्या रस्त्यांवर वापरता येत नाही. ३७ अश्वशक्तीच्या गाडीत मात्र प्रत्येक अश्व कामाला लागतो! चढ आला की वेळेवर गिअर उतरवा, इंजिनचा आवाज ऐका, गती राखून वळण घ्या. यात चालवणाऱ्याचं कसब लागतं आणि कसब साधलं की समाधान मिळतं. सायकलवर चढ चढून गेल्यावर जे वाटतं, काहीसं तसंच.

अर्थात या गमतीला मर्यादाही होत्या. साडेसहाशे किलोंच्या गाडीत चार धट्टीकट्टी माणसं आणि सामान चढलं की वजनात तीनशे किलोंची भर पडते, म्हणजे जवळजवळ निम्म्याने वाढ. मग खंडाळ्याचा घाट लागला की ‘एसी बंद करा’ असं फर्मान सुटायचं. खिडक्या खाली, मुलांचे चेहरे लाल आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये! हा प्रसंग न अनुभवलेलं मारुतीवालं कुटुंब विरळाच.

इंधनटंचाईतून रॅलीच्या मैदानात

काटकसरीच्या गाडीतून आनंद निपजण्याचा हा प्रकार आपल्याकडेच घडला असं नाही. त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं, मारुतीच्या चोवीस वर्षं आधीचं. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून संघर्ष पेटला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी हवी म्हणून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे काम सोपवलं. २६ ऑगस्ट १९५९ रोजी त्याची ‘मिनी’ लोकांसमोर आली.

लांबी फक्त दहा फूट. तेवढ्यात चार माणसं बसवायची तर इंजिनला जागा कुठून आणायची? इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं आणि पुढच्याच चाकांना ताकद दिली. चाकं केवळ दहा इंची ठेवून ती गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांत नेली. स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू वापरले. हे सारं केलं ते जागा वाचवण्यासाठी. पण चाकं कोपऱ्यांत गेल्यामुळे आणि गाडी हलकी व बुटकी झाल्यामुळे ती वळणावर रस्त्याला चिकटून धावू लागली.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी हा गुण हेरला. १९६१ मध्ये जास्त ताकदीची ‘मिनी कूपर’ आली आणि बर्फाळ घाटांतून जाणाऱ्या मॉन्टे कार्लो रॅलीत १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वेळा मिनीने बाजी मारली. १९६६ मध्येही पहिले तीन क्रमांक मिनीचेच होते. पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून त्या तिन्ही गाड्या बाद करण्यात आल्या. मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्यांना ही रेशनिंगच्या दिवसांतली पोर भारी पडली होती. २००० मध्ये जुन्या मिनीचं उत्पादन थांबेपर्यंत ५३ लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही मिनीने लोकप्रिय केलेली रचना पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. आपली मारुती ८०० सुद्धा त्याच वाटेवरची.

८०० चं इंजिन, फॉर्म्युला वनची स्वप्नं

मिनीला जसे कूपर भेटले, तसे आपल्या मारुतीच्या इंजिनाला कोईमतूरचे एस. करिवर्धन भेटले. शर्यतींचं वेड असलेल्या या उद्योजकाने विदेशी गाड्या आणण्यापेक्षा इथल्याच सुट्या भागांतून एक आसनी शर्यतीची गाडी घडवली. तिचं इंजिन होतं मारुती ८०० चं! ‘फॉर्म्युला मारुती’ या नावाने ती ओळखली गेली. बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचं इंजिन, पण सांगाडा हलका, चालक जमिनीलगत बसलेला. तरुण मुलांना परवडेल अशी शर्यत त्यामुळे भारतात सुरू झाली.

मद्रासजवळच्या श्रीपेरुंबुदूर इथल्या ट्रॅकवर याच फॉर्म्युला मारुतीतून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोईमतूरचा एक मुलगा पहिली शर्यत धावला. नाव नारायण कार्तिकेयन. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. १९९५ मध्ये विमान अपघातात मृत्यू आलेल्या करिवर्धन यांना हा दिवस पाहायला मिळाला नाही. कोईमतूरचा शर्यतीचा ट्रॅक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

कमी ताकदीच्या गाडीवर शिकणारा चालक घडतो तो असा. चूक झाकायला जास्तीची ताकद नसते. वळणावर गती घालवली तर ती परत मिळवायला वेळ लागतो. म्हणून तो गती जपायला शिकतो.

झेन, पॅलियो आणि इतर मंडळी

मारुती ८०० ने दाखवलेली ही गंमत पुढे आणखी काही गाड्यांत सापडली. त्यातल्या काहींनी तर घेणाऱ्याला चकितच केलं.

१९९३ मध्ये आलेली मारुती झेन त्यांतली पहिली. गोलसर, बुटकी, बसायला खोलगट. ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, ५० अश्वशक्ती आणि पाच गिअर. दिसायला अंड्यासारखी गोंडस ही गाडी वळणावर मात्र खारीसारखी चपळ. इंजिनला जितकं फिरवावं तितकं ते खुशीत गाई. हीच गाडी ‘ऑल्टो’ नावाने युरोपात निर्यात होत असे. झेनवर मनापासून जीव असलेले आणि ती विकायला तयार नसलेले लोक आजही भेटतात.

त्याच सुमारास म्हाताऱ्या ॲम्बॅसेडरनेही एक गंमत केली. जपानच्या इसुझू कंपनीचं १८०० सीसीचं, ७५ अश्वशक्तीचं इंजिन आणि जमिनीवरचा पाच गिअरचा संच तिला बसवण्यात आला. बाहेरून तीच जुनी सरकारी गाडी, आतून मात्र तरणीबांड. सिग्नल सुटल्यावर अशी ॲम्बॅसेडर पुढे निघून गेली की नव्या गाडीवाल्यांची तोंडं पाहण्यासारखी होत.

हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांची लाडकी मारुती व्हॅन, म्हणजेच ओम्नी, हीसुद्धा तशी विनोदीच गाडी. इंजिन पुढच्या सीटखाली आणि चालक थेट पुढच्या चाकांवर बसलेला. समोर बोनेटच नाही! त्यामुळे अरुंद गल्लीत तिला वळवणं म्हणजे खेळ वाटे. १९८५ च्या जिप्सीचं मात्र उलट. डांबरी रस्त्यावर तिचे पट्ट्यांचे स्प्रिंग पाठीचा हिशेब चुकता करत. पण डांबर संपून चिखल, वाळू, दगडगोटे सुरू झाले की तीच गाडी हसू लागे. वजनाला हलकी असल्याने मोठ्या जीपगाड्या रुतत तिथून ती निघून जाई. लष्कराने आणि रॅलीपटूंनी तिला उगाच नाही डोक्यावर घेतलं.

हलकेपणा हेच सर्वस्व नव्हे, हे २००१ च्या फियाट पॅलियोने दाखवलं. ही गाडी चांगली जाडजूड. तिच्या १.६ लिटर इंजिनात १०० अश्वशक्ती होती आणि खराब रस्त्यावरही ती जमीन धरून, न डगमगता पळे. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता, त्याच्या नावाची खास आवृत्तीही निघाली. पण ॲव्हरेजच्या प्रश्नावर १.६ ची विकेट पडली. ज्यांनी ती घेतली ते पेट्रोल पंपावर कुरकुरत आणि घाटात खुश होत.

२०१० ची ऑल्टो के-१० म्हणजे तर शुद्ध फसवणूक, पण गोड अर्थाने. ऑल्टोच्या साध्या अंगात ९९८ सीसीचं, सुमारे ६७ अश्वशक्तीचं इंजिन घातलेलं. वजन साडेसातशे किलोंच्या आसपास. घराघरात ‘बायकोची गाडी’, ‘मुलाची शिकायची गाडी’ म्हणून आलेली ही ऑल्टो पिकअपमध्ये तिच्याहून दुप्पट किमतीच्या गाड्यांना घाम फोडी.

लाखाची गोष्ट

या यादीत नॅनोचं नाव पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. भर पावसात स्कूटरवरून जाणारं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटा यांना सुचलेली ही गाडी. जानेवारी २००८ मध्ये ती दिल्लीत लोकांपुढे आली, २००९ मध्ये बाजारात उतरली. तिची सगळी चर्चा झाली ती किमतीची, सिंगूरच्या आंदोलनाची आणि पुढे पेट घेतलेल्या काही गाड्यांची. चालवायला ती कशी आहे, हे बोलायला कुणाला सवडच मिळाली नाही.

वास्तविक खर्च वाचवण्यासाठी केलेल्या युक्त्यांनी इथेही मिनीसारखाच चमत्कार केला होता. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे बसवल्यामुळे पुढची चाकं हलकी राहिली. पॉवर स्टेअरिंग नसतानाही गाडी सहज वळे. चार मीटरच्या त्रिज्येत ती पूर्ण फिरे, म्हणजे जिथे इतरांना मागेपुढे करावं लागे तिथे नॅनो रिक्षासारखी वळून निघून जाई. बसायची जागा उंच, चहूकडे काच, मागून येणारा इंजिनचा फटफट आवाज. शहरातल्या गर्दीत तिच्याइतकी मजा फार थोड्या गाड्या देत. महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला की मात्र ती थरथरे.

‘सर्वांत स्वस्त गाडी’ हे बिरूदच तिला भोवलं, हे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केलं. स्वस्त गाडीतून मिरवायला कुणाला आवडणार? २०१८ मध्ये तिचं उत्पादन जवळजवळ थांबलं. चालवण्याच्या आनंदापेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेला आपण किती मोल देतो, त्याचा हा धडाच म्हणायचा.

हलकेपणाची किंमत

इथवर वाचून जुन्या गाड्यांच्या आठवणीने गहिवरण्याआधी एक कडू गोष्टही सांगायला हवी. या गाड्या हलक्या होत्या, त्याचं एक कारण त्यांत पुष्कळ काही नव्हतंच. एअरबॅग नाही, एबीएस नाही, दारांत मजबुतीचे दांडे नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या प्राथमिक आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या. त्यांत ऑल्टो ८०० आणि नॅनोही होत्या. प्रौढांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना मिळालेले तारे होते शून्य!

ज्या गाडीत आपण आई-वडिलांना आणि मुलांना बसवतो, तिच्याबाबत हा निकाल मजेच्या हिशेबात मागे टाकता येत नाही. त्यानंतर नियम कडक झाले. २०१९ मध्ये एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, धडक चाचणीचे निकष सर्व गाड्यांना लागू झाले. ओम्नी आणि जिप्सी त्याच सुमारास निवृत्त झाल्या. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची तारांकन पद्धतही सुरू झाली. हे सगळं स्वागतार्हच आहे.

मग सुरक्षित गाडी म्हणजे जड गाडी, असंच का? तसं मुळीच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले. पेट्रोलवर चालणाऱ्या या गाडीचं वजन एक टनाच्या आतच आहे. जास्त मजबूत पोलाद योग्य जागी वापरलं, तर गाडी हलकीही राहते आणि भक्कमही होते. ऑल्टो के-१० लाही २०२५ मध्ये सहा एअरबॅग मिळाल्या. म्हणजे आनंद की सुरक्षा, असा निवाडा करायची वेळ घराघरावर यायलाच हवी असं नाही.

आता पुढे काय?

चिंता आहे ती वेगळीच. आज भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक गाड्या एसयूव्ही प्रकारातल्या आहेत. उंच बैठक, रुबाबदार चेहरा आणि खड्ड्यांची भीती नाही, म्हणून लोक त्या घेतात. त्यात गैर काही नाही. क्लचपासून सुटका करणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांचंही तसंच. २०१४ मध्ये सेलेरिओने स्वस्तातला ऑटोमॅटिक गिअर आणला आणि मुंबई-बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये दुखऱ्या पायांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण गाडी जितकी उंच, जड आणि स्वयंचलित होते, तितकी चालवणाऱ्याची भूमिका कमी होत जाते. मालक पुन्हा एकदा प्रवासी बनत चाललाय, फक्त या वेळी तो पुढच्या सीटवर बसलाय एवढंच!

आशेला जागा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेवरच्या गाड्यांतही अनपेक्षित मजा दडलेली आहे. बॅटरीने वजन वाढतं हे खरं. पण ते तळाशी राहतं आणि मोटरची ताकद पाय ठेवताक्षणी मिळते. २०२३ मध्ये आलेली एमजी कॉमेट तीन मीटरहूनही कमी लांबीची. तिची मोटर मागच्या चाकांजवळ आहे, थेट नॅनोच्या वळणावर गेलेली रचना. म्हणजे कल्पना संपलेली नाही, तिने फक्त कपडे बदललेत.

रोज तास-दोन तास ज्या खुर्चीत बसून काढायचे, ती खुर्ची आपल्याशी बोलते की मुकी आहे, हे पाहणं ही चैन नव्हे. ॲव्हरेज, हप्ता, रिसेल हे प्रश्न विचारावेतच. पण त्या माळेत आणखी एक मणी ओवायला काय हरकत आहे? त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

चौकट : ट्रायल घेताना हे पाहा

• शोरूमभोवतीच्या सरळ रस्त्यावर समाधान मानू नका. वळणं, खड्डे, चढ आणि गर्दी असलेल्या रस्त्यावर गाडी न्या. सेल्समनला आधीच तसं सांगून ठेवा.

• प्रथम सीट आणि आरसे नीट लावून घ्या. पुढचे खांब नजरेआड काही लपवतात का? बोनेटची कड आणि मागचा कोपरा कळतो का?

• ३०-४० च्या वेगाने एक साधं वळण घ्या. स्टेअरिंग सोडल्यासारखं सैल केलं की ते आपसूक सरळ येतं का? वळणात हाताला थोडा भार जाणवतो की काहीच कळत नाही?

• गिअर न पाहता पडतात का, क्लच कुठे धरतो ते लगेच उमगतं का, हे गर्दीत तपासा. डावा पाय दुखणार असेल तर तो पंधरा मिनिटांत सांगतो.

• एसी लावून, घरातली दोघं-तिघं मागे बसवून चढ चढून पाहा. एकट्याने चालवताना तरतरीत वाटणारी गाडी भरल्यावर कशी वागते, ते तेव्हाच कळेल.

• घरात जे जे गाडी चालवणार, त्या प्रत्येकाने ट्रायल घ्यावी. उंची, ताकद, सवय वेगळी असते. एकाला आवडलेली गाडी दुसरीला अवघड वाटू शकते.

• सुरक्षेचे तारे पाहिल्याशिवाय बुकिंग करू नका. आणि गाडी कितीही चपळ असली तरी तिची मजा वळणात आहे, वेगाच्या काट्यात नाही, हे मुलांनाही सांगा. सीटबेल्ट पुढच्यांनी लावावा, तसाच मागच्यांनीही.